पहाटेचा माग

रुखमा गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, त्या दिवशी विणकरांच्या गल्लीतले सगळे माग थांबले. तेरवीपर्यंत कोणी माग चालवायचा नाही, अशी तिथली रीत. तरी चारच दिवसांनी भल्या पहाटे शेजारच्या कौशल्याबाईंच्या घरातून खटखट सुरू झाली. रुखमाचा नवरा सेवकराम अनवाणीच तिकडे गेला. “वहिनी, माही बायको मेली अन् तुम्हाले कमाई सुचून राहिली?” “तिचीच साडी हाय, भाऊजी. रंग तिनंच निवडला, तुमच्या पोरीच्या लग्नात नेसाले. आता तेरवीले तिच्या नावानं सवाष्णीले द्याची, तर दुसरी कोणती देता?” सेवकराम मागाजवळ बसला. इथेच बसून रुखमा धाग्याच्या कांड्या भरायची. त्याने तिचा चरखा ओढला. धागा दोनदा तुटला. “गाठ मारा अन् फिरवा,” बाई म्हणाल्या. “तिचाबी तुटायचा.” उजाडेपर्यंत तो कांड्या भरत राहिला, बाई विणत राहिल्या. साडीचा पदर अजून विणायचा राहिला होता.