रिकामा झोपाळा

"याला भुताचा सिनेमा म्हणतात?" दिघ्यांनी रिमोट सोफ्यावर आपटला. "अर्धा तास माणसं अंधारात चालतायत, बाकी नुसती शांतता! ह्या नव्या लोकांना घाबरवताच येत नाही."

"आजोबा, मी दोनदा किंचाळले!" नात म्हणाली.

"हॅट! आमच्या वेळी भूत शेवटपर्यंत दिसायचंच नाही. रिकामा झोपाळा नुसता करकरला, की अख्खं थिएटर गारठायचं. थांब, तुला खरा सिनेमा दाखवतो."

त्यांनी आपला लाडका कृष्णधवल भयपट लावला. ओसाड घर, लांबलचक ओसरी, टोकाला रिकामा झोपाळा. दिघे पुढे सरकून बसले. लग्नानंतर पहिल्यांदा हा सिनेमा बघताना इथेच कुमुदताईंनी कानांत बोटं घातली होती. लोक घाबरले की डोळे मिटतात, ही बाई कान बंद करते, म्हणून दिघे जन्मभर त्यांची थट्टा करत आले होते. आत्ताही त्या शेजारीच लसूण सोलत बसल्या होत्या.

झोपाळा हलू लागला. करकर काही येईना.

"बघ! नव्या प्रिंटमध्ये आवाजच खाल्लाय लेकाच्यांनी. वाढव गं जरा."

"फुल आहे, आजोबा," नात त्यांच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाली.

पडद्यावर झोपाळा मुकाट हलत होता. आपली बाजू घ्यायला हक्काचं माणूस म्हणून दिघ्यांनी बायकोकडे पाहिलं.

लसणाचं ताट मांडीवर तसंच ठेवून कुमुदताईंनी दोन्ही कानांत बोटं घातली होती.