मूर्तीचा मुक्काम

चिकलठाण्याच्या ख्रिस्ती वस्तीत ऑक्टोबरभर मारियामातेची मूर्ती घरोघर मुक्कामाला जायची. जिच्या घरी मुक्काम झाला, तिनंच ती शेजारी पोचवायची, असा रिवाज. तेरेजाबाईच्या शेजारी धाकटी जाऊ राहायची. सात वर्षांपूर्वी तेरेजाबाईनं तिला भर चर्चमध्ये वांझ म्हटलं, तेव्हापासून जावेनं चर्चमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. “फादर, तिच्या घरी मूर्ती पोचवायचं काम तुमचं,” तेरेजाबाई चर्चच्या फादरांना म्हणाली. “बाप्तिस्मा काय माझ्या एकट्याचा झालाय? ख्रिस्ताचं काम तुमचंही आहे,” फादर हसले. तेरेजाबाई फणफणत निघाली. जावेनं दार उघडलं. मूर्ती छातीशी धरून तेरेजाबाईनं जन्मात पहिल्यांदा मान खाली घातली. “माझी जीभ झडो, बाई. चुकलं माझं.” जाऊ दारातून बाजूला झाली. “आत या, आक्का. पण जपमाळेची प्रार्थना मीच सांगणार. तुमची लई घाईची असते.” जावेनं सुरू केलेली एकेक प्रार्थना तेरेजाबाईनं हळू आवाजात पुरी केली.