सोनेरी मासे

कापड रंगवण्याच्या त्या कारखान्यात सांडपाणी करवंटीच्या कोळशातून गाळलं जाई. ते किती स्वच्छ होतं हे जगाला दिसावं, म्हणून मालकांनी ऑफिसात काचेची पेटी ठेवून त्याच पाण्यात चार सोनेरी मासे सोडले होते. गाळणी सांभाळणारा ऑपरेटर दर महिन्याला विनवी, "साहेब, कोळसा बदलायला झालाय." मालक गाळणीचं झाकण उघडून आत डोकावत. "अजून काळाच आहे की! मग बिघडला कुठे?"

तपासणीला प्रदूषण मंडळाच्या बाई आल्या, तेव्हा मालकांची छाती फुगली. "तीन वर्षं झाली, पण मासे बघा कसे ठणठणीत आहेत!"

बाईंनी काचेला नाक लावलं. "तीन वर्षांत पेरभरही वाढले नाहीत?"

"जातच बुटकी हो ती," मालक घाम पुसत म्हणाले आणि ऑपरेटरवर डोळे वटारले. "सांग की रे बाईंना!"

ऑपरेटरच्या डोळ्यांपुढे नोकरी नाचली, पण तोंडाचं कुलूप आज निघालंच.

"वाढतील कसे, बाई? दर सोमवारी मीच नवे आणून सोडतो. तीन वर्षांचा इथे फक्त कोळसा आहे."