दोन पट्ट्या खाली

सिंथेसायझरवरच्या मास्तरांनी सूर दिला, तिघींनी एकदम तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो थेट विहिरीच्या तळातून. पहिली ओळ निम्म्यातच घरघरत बंद पडली. तिघींनी मास्तरांकडे डोळे वटारून बघितलं.

शिट्टीला तर घाम फुटला. मंगळवारी तिने मास्तरांना गुपचूप फोन केला होता, की माझ्यासाठी गाणं दोन पट्ट्या खाली घ्या आणि त्या दोघींना पत्ता लागू देऊ नका. दोन म्हटलं होतं तिने, दोन! या भल्या माणसाने गाणं पार तळघरात नेऊन ठेवलं होतं.

तिला शिट्टी म्हणायचे ते तिच्या वरच्या सुरामुळे. टीव्हीवरच्या स्पर्धेत परीक्षकांनी तीन अनोळखी पोरींची मोट बांधली आणि वर्षभर त्यांचं एकच गाणं घराघरांत वाजत राहिलं. गाण्याच्या शेवटी तिची एकटीची एक ओळ होती. ती अशी वर चढायची की लोक खुर्च्या सोडून उभे राहायचे. मग काय, डोक्यात हवा गेली. तुम्ही दोघी मला मागे ओढता, असं तोंडावर सांगून ती चालती झाली. एकटीने काय दिवे लावले ते विचारूच नका. पुढे गळ्यात गाठी झाल्या, ऑपरेशन झालं, आणि ज्या सुरासाठी मैत्रिणी सोडल्या तो सूरच गेला. आता ती चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवते. बारा वर्षांनी वाहिनीने तिघींना पुन्हा एका गाण्यापुरतं बोलावलं, तेव्हा तिला भीती एकच होती. या दोघींना हे कळेल आणि त्या मनात म्हणतील, बरी जिरली.

ताई कमरेवर हात ठेवून पुढे आली. दोन वर्षांनी मोठी, म्हणून ती ताई.

"मास्तर, हे काय लावलंय?"

"तूच सांगितलंस ते. दोन पट्ट्या खाली."

"या दोन आहेत?"

"तुझ्या दोन. हिच्या दोन. आणि हिच्याही दोन." मास्तर शांतपणे चष्मा पुसत होते. "प्रत्येकीने कुणाला सांगू नका म्हटलं, मी नाही सांगितलं. बेरीज सहा होते, त्याला मी काय करणार?"

आधी भिंगरी फिस्सकन हसली. गाण्यात गिरक्या घ्यायची ती भिंगरी. आता ती शाळेत खेळ शिकवते, आणि आठ वर्षं मैदानावर ओरडून गळ्याचं पार भुस्काट झालंय, हे तिने कबूल केलं. मग ताईनेही सांगून टाकलं की दुसऱ्या मजल्यावर चढताना तिला धाप लागते, सूर कुठून लांबवणार? दोघी पोट धरून हसायला लागल्या. शिट्टीला मात्र हसू फुटेना.

"ताई, माझी ओळ मला येणार नाही," ती म्हणाली. "दोन खाली घेतली तरी नाही. तो सूर गेला. सहा वर्षं झाली."

हसणं थांबलं. शिट्टीची मान वर होईना. ताईने पाण्याची बाटली उघडून तिच्या हातात दिली आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. तू गेलीस तेव्हा सात कार्यक्रम आधीच ठरलेले होते, ती म्हणाली, ते आम्ही दोघींनीच केले.

"मग माझी ओळ कोण म्हणायचं?"

"कुणीच नाही. ती आली की आम्ही गप्प उभ्या राहायचो. समोरचे लोक म्हणायचे."

"तू म्हणायचीस की. तुला जमली असती."

"जमली असती. पण तुझी होती ना."

मग शिट्टीला रडू आवरेना. भिंगरीने तिचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि ही आधीपासूनच रडूबाई, असं मास्तरांना सांगितलं. तिचा स्वतःचा आवाजही काही फार धड नव्हता. मास्तरांनी खाकरून विचारलं, आता नक्की कुठली पट्टी लावू?

"दोनच खाली घ्या," ताई म्हणाली. "आणि त्या ओळीला या वेळी तिघी गप्प राहू."