लिमिटच्या एक टक्का वर

"अगं, लिमिट वाढव ना. गप्प बसेल," हितेंद्र डबा उघडत म्हणाला.

पद्मजाच्या स्क्रीनवर पुन्हा लाल पट्टी आली होती. चिंचपोकळीच्या एका इमारतीच्या तळघरातली नेटवर्क रूम. हवेतला ओलावा एक्क्याऐंशी टक्के, लिमिट ऐंशी.

दूरदूरच्या मशीन रूमवर स्क्रीनवरून नजर ठेवणाऱ्या परळच्या त्या ऑफिसात सगळे हेच करत. अलर्ट सारखा वाजायला लागला की लिमिट थोडी वर सरकवायची आणि पुढच्या शिफ्टला सांगायचं, सेन्सर येडा झालाय.

तिने मागच्या नोंदी उघडल्या. काल, रविवारी दुपारी लिमिट साठ होती. ओलावा एकसष्टला गेला, खाली आला. पुन्हा एकसष्ट. कुणीतरी लिमिट पासष्ट केली. ओलावा सहासष्ट. सत्तर केली. एकाहत्तर. रात्रभर हेच.

"हितेंद्र, ओलाव्याला आपली लिमिट कशी कळते?"

"म्हणजे?"

"आपण नेऊ तिथून एकच टक्का वर येतो. येतो आणि थांबतो."

"पाइप गळत असेल गं. बाळंतपणाच्या रजेवरून आलीस ती भुतं घेऊनच आलीस की काय?"

गळणारा पाइप असा मोजून थांबत नाही. स्क्रीनवर ओलाव्याची रेषा वर जात होती, खाली येत होती. घरी सात महिन्यांची लेक मनवा झोपली की पद्मजा तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. ऊब लागायची, जरा ओल लागायची, मगच तिला झोप यायची. ही रेषाही तशीच होती, कुणाच्या तरी श्वासासारखी. सकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी येणारा अलर्ट आता पाऊण तासाने येत होता.

तिने तिथल्या वॉचमनला फोन लावला.

"बाबुराव, नेटवर्क रूममध्ये कोण आहे?"

"कोण नाय ओ मॅडम. काल उंदरांचं औषध टाकायला रघु आलेला. तो गेला, मी बाहेरनं कुलूप मारलं."

"गेलेला बघितलात?"

 पलीकडे किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"धावा, बाबुराव!"

तळघरात रेंज नव्हती. फोन कटला. स्क्रीनवरची रेषा आडवी झाली होती. पाच मिनिटं. दहा. हितेंद्रचा घास हातातच राहिला.

फोन वाजला. "जिवंत हाय, मॅडम! सेन्सरखाली बसलेला, भिंतीला टेकून. वर आणलाय त्याला, बोला."

रघुचा आवाज पार बसला होता.

"मशिनींच्या आवाजात हाका कोणाला ऐकू जाणार? त्या डबीवर फुंकर मारली की लाल दिवा लागायचा. वाटायचं, आता बघितलं कोणीतरी. मग तेवढ्या फुंकरीला तो लागायचाच नाही, अजून जोरात फुंकायला लागायचं." त्याने श्वास घेतला. "दर वेळी कोण विझवत होतं, मॅडम?"