खारट ताक

तिसरा पेला रिकामा केल्यावर अमरसिंहांच्या ध्यानात आलं, की शांताक्का स्वतः ताकाला शिवलेली नाही.

ताकाची कळशी तिच्या मांडीशी होती. पेले भरून द्यायला नात, दानेश्वरी. तीही पीत नव्हती. ओठांना सालं निघाली होती, पण पोरगी कळशीकडं बघायचीसुद्धा नाही.

"पोरीला दे की अक्का घोटभर," अमरसिंह म्हणाले. ते शाळा समितीचे अध्यक्ष. दहा म्हशींचा गोठा आणि गावात वजन.

"ती मागनं पिल."

"आन् तू?"

"मीबी मागनंच. आदी पावण्यांनी प्यावं."



उंबऱ्यात बसू नये म्हणतात. शांताक्का नेमकी उंबऱ्यात बसली होती, दाराच्या दोन्ही चौकटींना गुडघे लावून. आत, शाळेच्या खोलीत, समितीची सभा. कायद्यानं समितीत निम्म्या बायका लागतात. त्या होत्याही. म्हणजे त्यांची नावं होती, खुर्चीत त्यांचे नवरे बसत. शांताक्काला नवरा उरलेला नव्हता आणि आईबाप नसलेल्या नातीची पालक तीच, म्हणून समितीत नाव तिचं; सही घ्यायला माणूस तिच्या घरी जायचा. आज रविवारी ती पहिल्यांदाच स्वतः आली होती. ताक घेऊन, आणि शीग लावून भरलेली भडंगाची परात घेऊन. भडंगात मीठ सैल हातानं टाकलेलं. ताकातही टाकलेलं. खाल्लं की तहान, प्यालं की पुन्हा तहान.

"म्हातारी सणालासुदीक कुणाला पाणी इचारत न्हाय," गुंडू अध्यक्षांच्या कानाला लागला. गुंडू हा बनाबाईचा नवरा आणि समितीत तिची खुर्ची उबवणारा. "आन् आज ताक? काय घातलंय त्यात?"

अमरसिंहांनी हातातला पेला लांब सारला. मागच्या आठवड्यात दानेश्वरी प्रार्थनेच्या रांगेत धाडकन पडली होती. सातवीतली पोर, वर्गात पहिली. शुद्धीवर आली ती एकच बोलली, शाळेत परत पाय टाकणार नाही. का, ते तिनं फक्त आज्जीच्या कानात सांगितलं. त्या दिवशी शांताक्का शाळेच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली होती, "ह्याचं मी बघीन." शिव्या दिल्या नाहीत. तिनं शिव्या दिल्या नाहीत म्हणूनच गाव घाबरलं होतं.

"अक्का, खरं सांग. ताकात काय हाय?"

"मीठ हाय. घे की अजून."

गुंडूला बसवेना. "मी जरा बाहेर जाऊन येतो," म्हणत तो उठला आणि दार अडलेलं बघून मागच्या खिडकीशी गेला. तिथंच थिजला.

शाळेच्या मागं ऊस. ऊस आणि कुंपण यांच्यामध्ये जी मोकळी जागा, जिथं गावचा प्रत्येक बाप्या कधी ना कधी तोंड फिरवून उभा राहिलेला, तिथं बायका बसल्या होत्या. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. मांडीवर सुपं, सुपात शेंगा. एकही बोलत नव्हती. शेंगा फुटल्याचा तेवढा आवाज. मधोमध बनाबाई, आणि तिची नजर थेट खिडकीवर.

पोरांच्या मुतारीच्या फाटकाला नवंकोरं कुलूप लटकत होतं.

गुंडू येऊन खुर्चीत बसला. पायावर पाय टाकून, घट्ट.

"आजी, वाट सोडा," मुख्याध्यापकांना घाम फुटला होता. "मला जायचंय."

"सभा सुरू हाय की मास्तर." शांताक्कानं गुडघा हलवला नाही. "वर्गात पोरी करंगळी दावत्यात तवा तुमीच म्हणता न्हवं, दम धर? धरा की मग."

मग तिनं मान अध्यक्षांकडं वळवली.

"सरकारनं कायदा केला, पोरींची मुतारी येगळी पायजे. बांधलीबी. दारावर परकरातल्या पोरीचं चित्र काढलं. आन् ह्या अमरसिंगानं तिच्यात पेंडीची पोती रचून कुलूप घातलं. म्हशीच्या खाण्याला जागा हाय, पोरीच्या मुतायला न्हाय! ह्या आवारात पाय टाकला की माझ्या पोरीचा घसा बंद होतोय. सकाळपासनं सांजपतोर पाण्याचा थेंब न्हाय, म्हनून पडली ती. एकटी तीच न्हाय, समद्याच. तुमच्याबी. घरात कधी इचारलंसा का?"

कुणीच विचारलं नव्हतं.

"उद्या हलवतो पोती," अमरसिंह कसंबसं म्हणाले.

"उद्या? बसा की मग उद्यापतोर." तिनं पेला कळशीत बुडवला. ताक काठोकाठ भरलं. वरून खाली, बारीक धार धरून, तिनं ते परत कळशीत ओतलं. पुन्हा भरलं. पुन्हा ओतलं.

तो आवाज ऐकून मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. अमरसिंहांनी खिशातनं पोरींच्या मुतारीची किल्ली काढली.

शांताक्का बाजूला सरकली, पण पोरांच्या मुतारीची किल्ली कमरेची सोडली नाही. अध्यक्ष, मुख्याध्यापक, गुंडू आणि बाकीचे मानकरी, साऱ्यांनी आपापल्या पाठीवरून पोती वाहिली. पळत वाहिली. शेवटचं पोतं बाहेर पडलं, बनाबाईनं दोन बादल्या पाणी मारलं, तेव्हा कुठं शांताक्कानं किल्ली मातीत फेकली. कोण झडप घालून घेऊन गेलं ते तिनं वळूनही बघितलं नाही.

ती दानेश्वरीकडं बघत होती. पोरगी त्या उघड्या, ओल्या दाराशी उभी होती. आत गेली. कडी लावून बघितली. काढली. पुन्हा लावली.

बाहेर आली तेव्हा आज्जी भरलेला पेला धरून उभी होती.

"आता पी," शांताक्का म्हणाली. "पोटभर पी. उद्या शाळा हाय."