हौसेची गाडी

रविवारी रामनिवासची सुट्टी असते, आणि रामनिवास म्हणजे ड्रायव्हर. त्यामुळे दोन गाड्यांचे मालक धैर्यशील जगदाळे बायकोमुलांना घेऊन चक्क टॅक्सी करून गुडगावातल्या जुन्या गाड्यांच्या यार्डात आले. तिसरी गाडी बघायला.

पहिली ऑफिसची, दुसरी शाळेची. तिसरी कशाला, तर निव्वळ मजेसाठी. हे शब्द खुद्द धैर्यशीलचे. फेब्रुवारीचं ऊन पडलं होतं, हवा त्यातल्या त्यात बरी होती. दिल्लीकडे असे दिवस मोजकेच मिळतात, म्हणून स्वारी रंगात होती.

अकरा वर्षांच्या राघवला लाल गाडी हवी होती, धाकट्या सुखदाला छप्पर नसलेली. दोघांची बराच वेळ जुंपली. मग कोपऱ्यात एक पिस्ता रंगाची, कापडी टपाची जुनी जीप दिसली आणि भांडण आपोआप मिटलं.

"आई, यही वाली," म्हणत सुखदा बॉनेटला मिठी मारून उभी राहिली.

स्वप्नालीने जीपच्या दारावर नुसता हात ठेवला. कराडला वडिलांच्या अशाच जीपवर ती गाडी शिकली होती. इथे आल्यावर मात्र 'दिल्लीचं ट्रॅफिक तुला झेपायचं नाही' असं एकदा ठरलं, ते ठरलंच. लायसन्स तेवढं तिने न चुकता रिन्यू केलं होतं. पर्सच्या आतल्या कप्प्यात अंगाऱ्याच्या पुडीसारखं ते जपून ठेवलेलं असे. या तिसऱ्या गाडीची चावी आपल्याकडे असावी, एवढंच तिला हवं होतं. महिनाभर हे वाक्य ओठांपर्यंत येऊन परत जात होतं.

"मस्त आहे यार," धैर्यशील जीपभोवती फिरत म्हणाला. "रामनिवासचा भाचा सध्या मोकळाच आहे. रविवारी त्याला बोलवत जाऊ चालवायला."

झालं. स्वप्नालीचं तोंड उतरलं. गाडी मजेची, आणि मजा करणार रामनिवासचा भाचा.

"अहो, पण..." तिने सुरुवात केली, तेवढ्यात यार्डाचे भाटियाजी चावी घेऊन आले.

"बैठिए सर, एक चक्कर लगाके देखिए." त्यांनी टप मागे सारला आणि सगळी दारं उघडून दिली.

मंडळी बसली. राघव पुढे डावीकडे. मागे डाव्या बाजूला धैर्यशील, उजव्या बाजूला स्वप्नाली, मध्ये सुखदा. पट्टे लावून झाले. धैर्यशीलने सवयीने मोबाइल काढला आणि मेल वाचायला लागला. गाडी काही हलेना.

कुणाच्या लक्षातही आलं नाही. आठ वर्षं ज्याने-त्याने आपापली जागा धरलेली, ती सवय अशी जाते होय? शेवटी भाटियाजीच संकोचून वाकले.

"सर, चलाएगा कौन?"

स्टिअरिंगसमोरची सीट रिकामी होती. आधी राघवला हसू फुटलं, मग सुखदाला. धैर्यशीलचे कान लाल झाले.

"आप ही चला लीजिए ना," तो भाटियाजींना म्हणाला.

"नको," स्वप्नाली म्हणाली. "मी चालवते."

"तू? अगं, इथलं ट्रॅफिक..."

"तुम्हाला कधी दिसलंय ते ट्रॅफिक? तुमची मान कायम मोबाइलमध्ये."

ती उतरली, पुढे जाऊन बसली, आणि भाटियाजींसमोर लायसन्स धरून तिने चावी मागितली. भाटियाजींनी साहेबांकडे पाहिलं. मग त्यांनी चावी तिच्या हातावर ठेवली.

पहिल्यांदा जीपने आचका दिला आणि बंद पडली.

"आई, तुला नक्की येतं ना?" राघवने पट्टा घट्ट धरला.

"येत होतं. बघू आता."

दुसऱ्यांदा गिअर बरोबर बसला. फाटकातून जीप सर्व्हिस रोडला लागली आणि स्वप्नालीला इतका आनंद झाला, की तिला एकटीलाच हसू यायला लागलं. वारा लागत होता, मागे सुखदा काहीबाही गात होती. एक ई-रिक्षा एकदम आडवी आली. स्वप्नालीने ब्रेक दाबला, हॉर्न मारला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "अरे बाबा, डोळे घरी ठेवून आलास का?" रिक्षावाल्याला मराठी काय कळणार, पण त्याने निमूटपणे रिक्षा बाजूला घेतली. मुलं आईकडे बघतच राहिली. ही आई त्यांनी पाहिलेली नव्हती.

आरशात तिला धैर्यशील दिसला. मोबाइल खिशात गेला होता आणि दोन्ही हातांनी त्याने पुढची सीट धरली होती.

"स्वप्ना, गाडी जरा बाजूला घे," तो म्हणाला.

संपली हौस, तिला वाटलं. मन खट्टू झालं, पण तिने जीप कडेला घेतली. रस्ता अरुंद, त्यामुळे मागच्या गाड्या अडल्या. धैर्यशील उतरला, पुढे आला आणि त्याने राघवचं दार उघडलं.

"तू मागे जा."

"पर क्यूँ, बाबा? ही माझी सीट आहे."

"आजपासून माझी. मला तुझ्या आईशेजारी बसायचंय."

राघव कुरकुरत पट्टा सोडू लागला. मागे हॉर्नचा नुसता कल्ला उठला. स्वप्नालीने मागे वळूनही पाहिलं नाही. उघड्या जीपमधून हात उंच करून तिने सगळ्यांना थांबण्याची खूण केली.